न्यू जर्सीचा रकाना

—हॉर्न वाजवून पूल मजबूत होत नाही, बाबा. नऊ वर्षं या टपरीत बसून मी एवढी एकच गोष्ट शिकलो, ती तुम्हाला फुकट सांगतो. इंजिन बंद करा, खाली उतरा. पाटी वाचलीत? तीन टन. तुमचा हा ट्रक रिकामा असतानाच त्याच्या वर जातो, आणि आत्ता तर मागचं दार दोरीनं आवळलंय, म्हणजे आत अख्खा संसार ठासलेला आहे. — नाही, वजनकाटा नाहीये माझ्याकडे. लागतच नाही. टायरांची पोटं बघितली की कळतं. — काय? दोनशे पावलांचा तर पूल, पटकन निघून जातो? सगळे तेच म्हणतात. हा पूल माझ्या आजोबांच्या वयाचा आहे, आणि माझ्या आजोबांनाही कुणी 'पटकन' म्हटलेलं खपायचं नाही. मागंही असं जाता यायचं नाही. ते वळण बघितलंत ना? तिकडून येणाऱ्याला तुमचा ट्रक दिसेपर्यंत तो त्यात घुसलेला असतो. पोलीस येणार, रस्ता अडवणार, मग तुम्ही उलटे जाणार — असा नियम. केलाय मी फोन. आमच्या स्टॉकवेलमध्ये पोलीस दोन. एक सुट्टीवर, दुसरा शाळेमागं पडलेलं झाड बाजूला करवतोय. येईल अर्ध्या तासात. तोवर मागच्या गाड्यांना मी कडेनं सोडतो. — जा बाई, जा, तुमचं वजन नाही विचारत मी. — हां. गेली. तुम्ही बसा या स्टुलावर. थर्मासात कॉफी आहे. चव विचारू नका, गरम आहे.

रेमंड ना? शर्टावर लिहिलंय म्हणून कळलं. तर रेमंड, एक नोंद करावी लागते, त्याला इलाज नाही. अडवलेल्या प्रत्येक गाडीची. वेळ — नऊ वाजून दहा. गाडीचा नंबर — दिसतोय. कुठून? चर्च स्ट्रीट, स्टॉकवेल, न्यू जर्सी. कुठं? पलीकडे, लाऊरीज फेरी, पेनसिल्व्हेनिया. कारण? — तुम्हाला ठाऊक नसतं, तुम्ही नुसतं सामान वाहता. मला ठाऊक असतं. मी लिहितो: 'जीवनमान'. हसू नका. या वर्षातलं हे एकोणिसावं बिऱ्हाड, आणि एकूणएक जण जीवनमान उंचवायला निघालेले. दोनशे पावलं पलीकडे. नदी तीच, पाऊस तोच, रेडिओवर बडबडणारा माणूस तोच — आणि नदीचं नाव तर डेलावेर, म्हणजे तिसऱ्याच राज्याचं. दोघांची भांडणं आणि मधे तिसऱ्याचं नाव. पण नाही. तिकडे गेलं की माणूस सुखी होतो. मासिकात छापून येतं ना, कोणतं राज्य कितव्या नंबरावर? माणसांना शाळेत असताना कधी नंबर मिळाला नाही, मग म्हातारपणी राज्याचा नंबर छातीवर लावून फिरतात.

तुम्ही तर दोन्हीकडं हिंडता. काय फरक दिसतो? — खड्डे. शाबास. प्रामाणिक माणूस आहात. पुलाच्या मध्यावर पाटी आहे, 'पेनसिल्व्हेनियात आपलं स्वागत', पण ती वाचायची गरज पडत नाही. पलीकडे उतरलं की चाकं सांगतात, आणि चाकांनी नाही सांगितलं तर कंबर सांगते. आता आमच्या बाजूचंही ऐका, मी काही एकतर्फी माणूस नाही. आमच्याकडे डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे वळावं लागतं, एक प्रदक्षिणा घालून यावं लागतं. समुद्रात पाय बुडवायचे तर पैसे भरून कमरेला बिल्ला अडकवावा लागतो, नाहीतर एक सतरा वर्षांची पोरगी येऊन हाकलून देते. घर तुमचंच असतं, पण दर तीन महिन्यांनी कर भरून सरकारकडून ते पुन्हा विकत घ्यावं लागतं. आणि मोठ्या पुलांवर टोल कुठं घेतात, माहीत आहे ना? न्यू जर्सीत येताना नाही. बाहेर पडताना. जगात अशा जागा दोनच — तुरुंग आणि न्यू जर्सी. येणं फुकट, सुटायचं तर काहीतरी मोजा.

पण पेट्रोल, रेमंड. पेट्रोल. आमच्या राज्यात तुम्ही गाडीतून उतरायचं नाही, कायदाच आहे. माणूस येतो, पेट्रोल भरतो, काच पुसतो, आईची चौकशी करतो. तुम्ही नुसती काच चार बोटं खाली करायची. आणि पलीकडे? पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी बर्फात उभी राहून तो थंडगार नळ हातात धरते, आणि त्याला म्हणतात स्वातंत्र्य. गेल्या फेब्रुवारीत मी तिकडे गेलो होतो, मेहुणीकडे. पेट्रोल संपत आलं, पंपावर गाडी लावली, काच खाली केली आणि बसलो. दहा मिनिटं झाली. वाटलं, जेवायला गेला असेल माणूस. वीस मिनिटं झाली. मग हॉर्न वाजवला. शेवटी शेजारच्या गाडीतला एक दाढीवाला आला, वाकून नंबरप्लेट बघितली आणि म्हणाला, "अच्छा, न्यू जर्सी." बस्स, एवढंच. एखादं लेकरू रस्ता चुकलं की कसं म्हणतात, तसं. मग त्यानं भरून दिलं. त्याला मी नाणी द्यायला लागलो तर त्याच्या डोळ्यांत इतकी कीव होती — जाऊ दे. एकाहत्तर वर्षांचा माणूस मी. ती शेजारी बसली होती आणि खिडकीबाहेर बघून हसत होती. आवाज न करता. खांदे हलत होते नुसते.

— कोण ती? बायको. सांगितलं नाही का? असेल एक बायको. सगळ्यांना असते.

तर पलीकडचं सांगत होतो. दारू सरकारी दुकानात मिळते. मी छत्तीस वर्षं काउंटीच्या नोंदणी कचेरीत कारकुनी केली, त्यामुळं मला त्या दुकानात एकदम घरी आल्यासारखं वाटतं. तोच दिवा, तेच तोंड, पाच मिनिटं आधी ओढलेलं दार. आणि त्यांचे टोमॅटो. लाऊरीज फेरीत चौकाचौकात फळ्या लागतात, 'आमच्याच मातीतले टोमॅटो'. आता मी इथं बसतो. रोज ऑगस्टभर पहाटे साडेसहाला एक निळा टेम्पो टोमॅटो घेऊन जर्सीतून तिकडे जातो, मला हात करतो. अडीच टन, नियमात बसतो, मी काही बोलत नाही. पुलाच्या मध्यावर त्यांची माती बदलते. न्याहारीला तर ते काय खातात, बघितलंत? डुकराचं जे कुणी घेत नाही ते सगळं शिजवून, मक्याच्या पिठात थापून त्याची वडी पाडतात आणि तळतात. आणि आम्ही तळलेली चकती खातो ती कशाची, असं विचाराल. तीही डुकराचीच. पण आम्ही ती गोल कापतो. एवढ्या एका गोलाईवर आमची संस्कृती उभी आहे.

काय बघताय? — बिल्ला. हो. होर्नयाक. — हो, तुमच्या पावतीवर पण तेच आडनाव असेल. या भागात होर्नयाक पुष्कळ. हंगेरीहून आलेली माणसं, गिरणीत कामाला... — पुष्कळ म्हणजे, अगदी पुष्कळ नाहीत. दोन. एक मी. आणि दुसरी वीस मिनिटांपूर्वी करड्या गाडीतून या पुलावरून पलीकडे गेली. गेली तेव्हा हात केला मला — जसा कुणीही पहारेकऱ्याला करतात तसा, दोन बोटं. मी पण केला. नियमच आहे, हात केला की हात करायचा.

हो, तेच सामान. माझंच आहे. म्हणजे आमचं. म्हणजे आता तिचं. ती हिरवी खुर्ची ना, दोरीतून जिचा पाय बाहेर आलाय, तिच्यावर मी तीस वर्षं बसलोय. तुम्ही उलटी भरलीत. हरकत नाही, तिला सवय होईल.

नाही हो, भांडण कसलं. आमच्यात भांडण कधी झालंच नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. लॉरेन तिकडचीच, पेनसिल्व्हेनियाची, लाऊरीज फेरी तिचं माहेर. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच पुलावरून नवरी होऊन आली. तिचा बाप मध्यावर थांबला होता, म्हणाला, यापुढं मी येत नाही, तिथं डावीकडे वळायला उजवीकडे जातात. आणि मी तिला शब्द दिला होता, निवृत्त झालो की जाऊ परत. शुक्रवारी निवृत्त झालो. निरोप समारंभ, केक, घड्याळ, सगळं झालं. सोमवारी इथं रुजू झालो. का म्हणजे? जागा निघाली होती. माणूस घरात बसून करणार काय? इथं कसं, कुणीतरी येतं, त्याला नाही म्हणायचं, कारण सांगायचं, नोंद करायची. गप्पा होतात. तुम्ही आलात, आता बघा किती बोललो. मला बोलायला आवडतं. तिला हे कुणी सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरकडे तिला एक मासिक मिळालं. 'राहायला सुखाचं राज्य कोणतं'. न्यू जर्सी इतकं, पेनसिल्व्हेनिया तितकं, आता आठवत नाही, दोघं मागच्या बाकांवरच होते. घरी येऊन तिनं एक ताव घेतला, मधे रेघ मारली, डावीकडे लिहिलं न्यू जर्सी, उजवीकडे पेनसिल्व्हेनिया, आणि फ्रिजवर चिकटवला. पहिली ओळ: घराचा कर. उजवा रकाना भरलेला, डावा रकाना भरलेला, निळ्या शाईत. मी आपला दूध काढायला गेलो, बघितलं, आणि पेन्सिलनं खाली लिहिलं: पेट्रोल. न्यू जर्सी — माणूस भरतो. पेनसिल्व्हेनिया — म्हातारी भरते. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली तिचं उत्तर: 'म्हातारीला जमतं.' झालं, सुरू झालं. ती लिहायची, जिने — इकडे सोळा पायऱ्या, तिकडे अर्लीनच्या घरात एकही नाही. अर्लीन म्हणजे तिची बहीण, दोन वर्षांपूर्वी नवरा गेला तिचा. मी जिन्यापुढं लिहायचो, व्यायाम. ती लिहायची, गुडघे. मी लिहिलं, टोमॅटो. तिनं लिहिलं, दवाखाना, तिकडे दहा मिनिटं. मी गाडी घेऊन गेलो, घड्याळ लावून मोजून आलो, लिहिलं, इकडे बारा. ती म्हणायची — लिहायची — बर्फ. मी लिहिलं, बर्फ नदी बघून पडत नाही. त्याच्याखाली तिनं काही लिहिलं नाही, पण एक छोटंसं तोंड काढलं होतं हसणारं. एका तावाचे चार ताव झाले, खाली खाली चिकटवत नेले, शेवटचा ताव वाकून वाचावा लागायचा. खरं सांगू, रेमंड? त्या दोन वर्षांत आम्ही फ्रिजवर जेवढं लिहिलं ना, तेवढं त्याआधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. मला वाटायचं, मजा चाललीय. मला वाटायचं, हे असंच चालणार, पाचवा ताव, सहावा ताव. कुणी कुठं जात नसतं, नुसतं लिहायचं असतं.

— थांबा, हा सायकलवाला जाऊ दे. सायकलवरून उतरा हो, पुलावर ढकलत न्यायची — उतरला. शहाणा आहे. पेनसिल्व्हेनियाचा असूनसुद्धा.

मग ऑगस्टच्या शेवटी तिनं एक ओळ लिहिली. सगळ्यात खाली. तुम्हाला मी कचेरीतली एक गोष्ट आधी सांगतो, त्याशिवाय हे कळायचं नाही. आमच्या नोंदणीच्या वहीत रिकामा रकाना ठेवायचा नसतो. कधीच नाही. आज रिकामा ठेवलात तर उद्या कुणीतरी येऊन त्यात काहीबाही घुसडतो आणि एखाद्याची जमीन जाते. म्हणून जिथं लिहायला काही नाही तिथं पट्टी धरून आडवी रेघ मारायची. रेघेवर आपली आद्याक्षरं, तारीख. म्हणजे हा रकाना रिकामा आहे आणि रिकामाच राहणार, याला मी साक्षी. पहिल्या दिवशी साहेबानं हेच शिकवलं होतं, बाकीचं नंतर. छत्तीस वर्षं. माझ्या हाताला रिकामा रकाना दिसला ना की हात आपला आपण पट्टी शोधतो. लोक शिंक आली की रुमाल शोधतात तसा.

तर ती ओळ होती: 'सकाळच्या कॉफीला बोलायला कुणी.' उजवीकडे, पेनसिल्व्हेनियात, लिहिलं होतं: अर्लीन. डावीकडे, न्यू जर्सीत, काहीच नाही. मोकळं. सहा दिवस तो रकाना मोकळा होता. तिनं फ्रिजवर पेन दोऱ्याला बांधून ठेवलं होतं, तेही मला नंतर आठवलं. त्याआधी पेन असं कधी बांधलेलं नसायचं. सातव्या दिवशी मी दूध काढायला वाकलो आणि माझ्या डोळ्यात तो रकाना खुपला. वाचलं नाही मी. शपथेवर सांगतो, ओळ वाचलीच नाही. रकाना रिकामा आहे एवढंच दिसलं. पट्टी घेतली, तिचंच ते पेन घेतलं, रेघ मारली. सरळ, सुरेख. वर ए. हो., आणि तारीख.

सकाळी ती कॉफी ओतत होती. फ्रिजकडे बघितलं. म्हणाली, "एमिल, तू हे वाचलंस?" मी पेपरमधून म्हणालो, "हो. सगळं नीट आहे."

आणि प्या ना कॉफी. गार होतेय.

तिनं ते चारही ताव काढले, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवले. दुपारी तुमच्या कंपनीला फोन केला. मी म्हटलं, बाईला गुडघ्यांचा कंटाळा आला असेल. कधी लक्षात आलं? तिसऱ्या दिवशी. इथं, याच टपरीत. एक दुधाचा टँकर परत पाठवत होतो, नोंद लिहीत होतो, 'शेरा' या रकान्यात लिहायला काही नव्हतं, रेघ मारली — आणि हात तिथंच थांबला. तो टँकरवाला विचारतोय, काका, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, तुझं वजन जास्त आहे, तू मागं जा. संध्याकाळी घरी ड्रॉवरमधले ताव उघडले, तेव्हा ती ओळ वाचली.

— हो, सांगायला पाहिजे होतं. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? रोज सांगणार होतो. सकाळी कॉफीच्या वेळी. पण कॉफीच्या वेळी मी पेपर वाचतो. आणि मग ती खोकी भरायला लागली. भांडी कागदात गुंडाळायची ना, तर माझाच पेपर घ्यायची, कालचा. मी तिला दोरी धरून द्यायचो, गाठ मारताना बोट ठेवायचो. एकदा तोंड उघडलं सुद्धा. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, या खोक्यावर 'नाजूक' लिहायचं राहिलं. लिहिलं मग मीच. माझं अक्षर चांगलं आहे. ती जाताना एवढंच म्हणाली, "खुर्ची नेतेय तुझी. बसावंसं वाटलं तर ये." आता सांगा, याचा अर्थ काय धरायचा? कचेरीत असं मोघम वाक्य आलं तर आम्ही अर्ज परत पाठवायचो.

बघू तो कागद. रस्त्याचा. तुमच्याकडे आहे ना, तिनं दिलेला. फोनमधली बाई काय सांगत होती? खालच्या मोठ्या पुलावरून जा म्हणत होती? आठ मैलांवर, टोलच्या? बरोबर सांगत होती. पण कागदावर काय आहे? वाचा. 'चर्च स्ट्रीटवरून डावीकडे, गिरणीपाशी उजवीकडे, पुढं सरळ जुन्या पुलावर.' आणि तुम्ही म्हणालात, घरमालकानं लिहून दिलंय, त्याला इथले रस्ते ठाऊक असणार. कुणा गाढवानं लिहिलंय, असं तुम्ही मघाशी उतरताना म्हणालात. ऐकलं मी. — अक्षर कसं आहे पण? काना, मात्रा, ओळ, सगळं जिथल्या तिथं आहे की नाही? ... नोंदीच्या वहीतलं अक्षर बघा. हे बघा. आता परत कागद बघा.

हां. तेच ते.

रागावू नका. नऊ वर्षं झाली, मी या पुलावरून एक ट्रक जाऊ दिला नाही. एकदा खुद्द महापौरांचा पियानो परत पाठवला. आणि माझ्याच हातानं ट्रकवाल्याला या पुलाचा रस्ता लिहून दिला. "तुला रस्ते माहीत, दे लिहून," म्हणाली ती, मी टेबलाशी बसलो, पट्टी घेतली, आणि लिहून दिलं. मुद्दाम. बेत काही मोठा नव्हता. ट्रक इथं अडकला की तुम्ही तिला फोन करणार. केलात ना? केलाच असेल, मी गाड्या सोडत होतो तेव्हा. मग ती परत येणार. इथं येणार. इथं मी असतो, आणि इथं मला बोलता येतं. आता तुमच्यासमोर पेट्रोलपासून सुरुवात केली ती इथवर आलो, एकदा अडखळलो का? अनोळखी माणसाला मी माझ्या खुर्चीपासून रकान्यापर्यंत सगळं सांगितलं. तुमचं आडनावही मला माहीत नाही. आणि घरी चव्वेचाळीस वर्षांच्या बायकोला — सोळा पायऱ्या, एक फ्रिज आणि दोघंच — काय ते. तुमचं लग्न झालंय? मग तुम्हीच सांगा, सुरुवात कशी करतात? हवापाण्यानं? हवा दोन्हीकडं सारखीच आहे, ते तिला माहीत आहे, तावावर लिहिलंय.

आला बघा पोलीस. गाडी आडवी लावली त्यानं वळणावर. चला, उठा. आरशात बघा, उजवीकडचा दगडी कठडा सांभाळा, लोकांनी तिथं आधीच बरेच दिवे फोडलेत. मागं गिरणीपर्यंत जा, मग नदीकाठचा रस्ता, आठ मैल, टोलचा पूल. टोलची पावती जपून ठेवा, ती मी —

थांबा.

थांबा जरा. ती येतेय. पुलावरून. ती बघा, पायीच येतेय, गाडी पलीकडेच ठेवली वाटतं. निळा कोट. कठड्याला धरून चालतेय, गुडघे — तिनं चालायला नको होतं एवढं. तुम्ही जाऊ नका एवढ्यात. ती मागची दोरी बघा, सैल आहे, खुर्चीचा पाय बाहेर येतोय. टायर तपासा. पोलिसाला मी सांगतो थांबायला, तो झाड हलवून आलाय, त्याला घाई नसते. कॉफी घ्या आणखी. तुम्ही गेलात ना, रेमंड, तर मग इथं — नाही, तुम्ही थांबाच. मध्यावर पोचली. पाटीपाशी थांबलीय. दम घेतेय. मला टपरी सोडता येत नाही ना, कामाच्या वेळेत टपरी सोडायची नाही, नियम आहे. निघाली परत. इकडेच बघतेय. ट्रककडे बघतेय. आता तुमच्या हातातल्या कागदाकडे.

— तिनं काय विचारलं? ट्रक का अडवला म्हणतेय. तुम्हाला विचारतेय, मला नाही. सांगा ना. सांगा, वजन जास्त आहे म्हणावं, पहारेकरी सोडत नाही म्हणावं. बोला की हो, तोंड का मिटलंय तुमचं?

नाही. राहू द्या. मी सांगतो.

रेमंड, निघा तुम्ही. निघा म्हणतो ना.